फुलीवाला योहान

मुलीकडे सहा महिने अमेरिकेत राहायला गेलेल्या बापाला कामं बेतानंच मिळतात. सकाळी डिशवॉशर रिकामा केला की दिवस संपला. म्हणून व्याह्यांनी "उद्या माझ्याबरोबर दफ्तरखान्यात येता का?" असं विचारलं, तेव्हा मी हो म्हणून बसलो. चौतीस वर्षं सातारा जिल्ह्यातल्या तालुका कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये काढलेला माणूस मी. धूळ, वाळवी आणि रुमालात बांधलेले गठ्ठे यांच्यातून एकदाचा सुटलो, विमानात वीस तास पाय अवघडून बसलो, आणि पोचलो कुठे? रेकॉर्ड रूममध्येच.

व्याही पेनसिल्व्हेनियाचे, मूळ जर्मन. माणूस लाखातला, फक्त पूर्वज शोधायचं वेड. आपल्याला कुठे शोधावे लागतात? पितृपंधरवड्यात आपणहून पत्र्यावर येऊन बसतात, आणि पानात वडा नसला तर शिवतही नाहीत. व्याह्यांच्या घराण्यात ही सोय नव्हती. त्यांना योहान म्युलर नावाचा एकच गृहस्थ हवा होता. १७५० च्या सुमारास जहाजानं फिलाडेल्फियाला उतरलेला.

गाडीत त्यांनी मला तासभर इतिहास सांगितला. तेव्हा पेनसिल्व्हेनियावर इंग्लंडच्या राजाचा अंमल. जर्मन इतके यायला लागले की इंग्रज घाबरले, आणि १७२७ पासून उतरेल त्या प्रत्येक परक्या पुरुषाकडून राजनिष्ठेची शपथ लिहून घ्यायला लागले. पहिली यादी 'विल्यम अँड सारा' नावाच्या जहाजाची. एका जहाजाच्या तीन-तीन याद्या: कप्तानानं दिलेली एक, राजाशी इमान राखीन म्हणून सह्या केलेली दुसरी, आणि पोपला व गादीवर हक्क सांगणाऱ्या दुसऱ्या राजपुत्राला मानणार नाही म्हणून सह्या केलेली तिसरी. शपथ इंग्रजीत, घेणारे जर्मन. समुद्रातून अर्धमेल्या अवस्थेत उतरलेल्या शेतकऱ्यानं कशाकशावर सही केली हे त्याला तरी कळलं असेल का, देव जाणे. माझ्या कचेरीत सातबाऱ्यावर अंगठा उठवणारे आठवले.

"सोळा वर्षांवरच्या पुरुषांच्याच सह्या," व्याही म्हणाले.

हे मी रात्री फोनवर हिला सांगितलं. ही म्हणाली, "बायकांचं इमान काय, धरलेलंच असतं."

दफ्तरखान्यात शिरताना कोट, पिशवी, पेन आणि माझी तपकिरीची डबी लॉकरमध्ये गेली. आत फक्त पेन्सिल. डबीबद्दल मी थोडी हुज्जत घातली असती, पण पावणेतीनशे वर्षांच्या कागदावर मी शिंकलो तर सोयरीक मोडायची, म्हणून गप्प बसलो. शिवाय एका छापील कागदावर सही करायची होती: इथले नियम पाळीन, कागदांना इजा करणार नाही. मी न वाचता केली. मागे उभ्या व्याह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. योहानानं तरी दुसरं काय केलं होतं?

मग सुरू झाली खरी परीक्षा. या याद्या छापून, सह्यांच्या प्रतिकृतींसकट पुस्तकात निघालेल्या आहेत. मग मूळ कागद कशाला, असं काउंटरवरच्या बाईंनी विचारलं. प्रश्न मला पटला. व्याह्यांनी मात्र वीस मिनिटं समजावलं, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. जुन्या जर्मन लिपीत 'ई' आणि 'एन' सारखेच दिसतात. मी म्हटलं, मोडीसारखंच! ऱ्हस्व-दीर्घ नाही, दोन शब्दांत जागा नाही, एका ओढीत सगळी ओळ. आणि मग त्यांना 'ध चा मा' सांगितला: 'धरावे'चं 'मारावे' झालं आणि पेशवा गेला. ते इतके हरखले की त्यांनी ती गोष्ट बाईंनाही सांगितली, आनंदीबाईचा उच्चार तीन वेळा चुकवून. त्या बाईंनी कागद आणून दिले, बहुधा आमच्यापासून सुटका व्हावी म्हणून.

अडचण अशी की योहान म्युलर हा आपल्याकडच्या तुकाराम पाटलासारखा. जर्मनांमध्ये मुलाला बाप्तिस्म्याच्या वेळी योहान हे नाव आधी लावून टाकायची पद्धत, हाक मारायची ती दुसऱ्या नावानं. एकाच घरात पाच भाऊ आणि पाचही योहान! आमच्या घरात गणपत मारुती, मारुती गणपत असं पिढ्यानपिढ्या उलटसुलट चालत आलेलं, तेव्हा हसायला मला तोंड नव्हतं. त्यात इंग्रज कारकून कानाला येईल तसं लिहिणार: म्युलर, मिलर, मेलर. ज्यांना लिहिता येत नसे त्यांचं नाव कारकूनच लिही, आणि मधोमध तो माणूस आपली फुली काढी.

अडीच तासांनी ती फुली सापडली. जरा डावीकडे कललेली, शाई शेवटाला फिसकटलेली. हाच योहान कशावरून, असं मी एकदा विचारून पाहिलं. जहाज, शेजारच्या गावकऱ्यांची नावं, सगळं जुळतंय, असं म्हणत त्यांनी चष्मा पुसला. मी पुढे काही बोललो नाही. मात्र चौतीस वर्षांचा अनुभव सांगतो, जुळवायचं ठरवलं की सगळं जुळतं.

जेवताना त्यांनी पुढचा अध्याय काढला. १७७७ मध्ये पेनसिल्व्हेनियानं कायदा केला: अठरा वर्षांवरच्या प्रत्येक गोऱ्या पुरुषानं राजा तिसऱ्या जॉर्जचं इमान सोडून नव्या राज्याची शपथ घ्यायची. नाही घेतली तर मत नाही, कोर्टात दावा नाही, जमिनीची खरेदी-विक्री नाही. आपल्या जिल्ह्याबाहेर पडलात आणि शपथेचा दाखला जवळ नसला, तर हेर म्हणून धरणार. योहानानं तीही शपथ घेतली होती.

"म्हणजे आधी राजाच्या बाजूनं, मग राजाच्या विरुद्ध?"

"शेत तेच होतं," व्याही म्हणाले.

मला माझंच घर दिसलं. १८१८ च्या फेब्रुवारीत इंग्रजांच्या एल्फिन्स्टननं साताऱ्याला जाहीरनामा काढला: दुसऱ्या बाजीरावाची बाजू दोन महिन्यांत सोडा, जमिनी शाबूत राहतील. आदल्या पिढीनं पेशव्यांसाठी शपथेचा बेलभंडार उचललेला. व्याह्यांनी विचारलं, तुमचे पूर्वज कुणाकडे होते? मी म्हटलं, "जमिनीकडे."

आमच्या ट्रंकेत एका जुन्या महजराची, म्हणजे गावसभेच्या निवाड्याची, नक्कल आहे. त्यावर आमच्या खापरपणजोबांच्या नावापुढे सही नाही, 'निशाणी नांगर' आहे. गावच्या न्हाव्याचा आरसा, पाटलाचा नांगर. व्याह्यांनी रुमालावर पेन्सिलीनं नांगर काढून पाहिला. तो विंचवासारखा झाला. (पेन्सिल दफ्तरखान्याची होती. परत द्यायची राहिली. ती सही मोडली एव्हाना.)

घरी आलो तेव्हा लेक लॅपटॉपसमोर डोकं धरून बसली होती. गेल्या वर्षी तिनं इथल्या नागरिकत्वाची शपथ घेतली: सर्व परक्या राजांचं, राज्यांचं इमान मी पूर्णपणे सोडते. मी तो व्हिडिओ साताऱ्यात पाहिला आणि त्या दिवशी दुपारी झोपलो नाही. शपथ झाल्यावर तिला कागदी झेंडा मिळाला. तो अजून देवघरात गणपतीच्या मागे खोचलेला आहे.

"काय झालं गं?"

"बाबा, भारतात यायला ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांचं कार्ड हवंय. त्यासाठी मी भारतीय होते हे सिद्ध करायचंय."

"मग?"

"मग भारताचं नागरिकत्व सोडल्याचा दाखला मागताहेत. तो सापडत नाहीये."

व्याह्यांचे डोळे चमकले. त्यांनी कोट काढलाच नव्हता. "मूळ कागद की नक्कल?" त्यांनी विचारलं.