सात दिवसांचं व्रत

नातू आठवडाभर समर कॅम्पला गेला. तिथे फोनला बंदी. जाताना त्याने आपला फोन माझ्या हाती दिला आणि आमची आई काशीला निघताना देवपूजा सोपवायची, त्याच चेहऱ्याने म्हणाला, "आजोबा, रोज एक स्टॉप फिरव. सलग सात दिवस. एक दिवस चुकला तर परत पहिल्यापासून!"

पोकेमॉन गो या फोनवरच्या खेळातला स्टॉप म्हणजे नकाशावरचं निळं ठिकाण. तिथे गेलं की त्या जागेचा गोल फोटो उघडतो. त्यावर बोट ओढलं की तो गरगरतो आणि चेंडू बाहेर पडतात. चेंडू प्राणी पकडायला. प्राणी कशाला, हे मी विचारलं नाही. व्रतात शंका काढू नयेत.

आमचा स्टॉप म्हणजे समोरच्या बाजूला, दोन घरं सोडून, एका आजीबाईंच्या हिरवळीच्या कडेला खांबावर बसवलेली पुस्तकांची पेटी. इथे अमेरिकेत, मॅडिसनला अशा पेट्या गल्लोगल्ली. याच विस्कॉन्सिन राज्यातल्या हडसन गावी २००९ साली टॉड बोल नावाच्या गृहस्थाने शिक्षिका असलेल्या आईच्या आठवणीत शाळेच्या आकाराची पेटी अंगणात उभी केली, तिथून हे लोण पसरलं. एक पुस्तक न्या, एक ठेवा. खेळाच्या नकाशासाठी जागा सुचवणाऱ्यांना या पेट्या आयत्याच सापडल्या.

पहिल्या दिवशी सकाळी सहाला पोचलो. माकडटोपी, हातात फोन, परक्याचं दार. बोट ओढतोय तोच दार उघडलं. आता पोलीस! पण बाई हसून म्हणाल्या, "घ्या ना, संकोच करू नका." घाबरून हाताला आलं ते उचललं. गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून मासे कसे धरावेत, याचं सचित्र पुस्तक. आमच्या घरात कांदासुद्धा चातुर्मास पाळतो.

दुसऱ्या दिवशी बाई दारातच होत्या. म्हणाल्या, "यंदा वाचक फार वाढलेत हो! लोक गाडी थांबवून येतात. काही जण तर नुसते उभे राहतात, फोनवर पुस्तकाची माहिती शोधत असतील." काय बोलणार? आता खरं सांगणं म्हणजे पापच. त्या सगळ्या न वाचणाऱ्यांची भरपाई म्हणून मी रोज दोन पुस्तकं उचलू लागलो. ट्रॅक्टरदुरुस्ती, गोधड्या, हरणाचं मांस टिकवण्याच्या पद्धती, एका कादंबरीचा फक्त तिसरा खंड.

"बाबा, हे सगळं सांगलीला न्यायचंय?" सुनेने विचारलं. आवाज गोड होता, म्हणूनच धास्ती वाटली.

फेड म्हणून विमानात वाचायला आणलेला दिवाळी अंक पेटीत ठेवला. बाईंनी तो काचेला टेकवून दर्शनी लावला. उलटा.

सातव्या दिवशी धो धो पाऊस. छत्री मानेत, फोन एका हातात, दुसऱ्या हाताचं बोट पडद्यावर. ओल्या बोटाला तो दाद देईना. चौथ्या खेपेला फिरला. व्रत पुरं झालं, सर्दी सुरू झाली.

नातू आला, फोन तपासला, खूश झाला. मग माझ्या नाकाकडे बघून म्हणाला, "पण तू पावसात गेलास कशाला? ऐंशी मीटरवरून चालतं. तुझ्या पलंगावरून लागतो तो स्टॉप."

दुसऱ्या दिवशी सहाला खिडकीतून पाहिलं. बाई पेटीपाशी उभ्या, आमच्याच घराकडे बघत. हातात पुस्तक. मुखपृष्ठावर पुन्हा मासाच दिसत होता.

मी माकडटोपी शोधायला लागलो.