झाकलं बूच सव्वा लाखाचं

उंची वाइन विकत घ्यायची असं ठरवलंत ना? मग आधी ती पिण्याचा विचार डोक्यातून काढून टाका. जेवणासाठी, गप्पांसाठी, चार मित्र जमले म्हणून उघडायला जगात साधी वाइन मुबलक आहे. त्यातली बहुतेक दोन-चार वर्षांत संपवण्यासाठीच बनवलेली असते. चवीखेरीज तिच्याकडे काही नसतं बिचारीकडे. आपल्याला त्या वाटेला जायचं नाही.

निवड कशी करायची? किंमत बघून. हसू नका, ही फ्रान्समधली अधिकृत पद्धत आहे. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी सम्राट तिसऱ्या नेपोलियनला बोर्दो या वाइनसाठी नावाजलेल्या फ्रेंच प्रांतातल्या उत्तमोत्तम वाइनची यादी हवी होती. काम गेलं वाइनच्या दलालांकडे. ते घोट घेत, डोळे मिटत बसले नाहीत. आजवर कोणाचा माल काय भावाने गेला ते त्यांनी पाहिलं आणि त्या क्रमाने लाल वाइनचे पाच वर्ग पाडले. महाग होत्या म्हणून काही वाइन पहिल्या वर्गात गेल्या; आता पहिल्या वर्गात आहेत म्हणून त्या महाग आहेत. मधल्या काळात मालक बदलले, जमिनी विकल्या गेल्या, नव्या जोडल्या गेल्या. फिलॉक्सेरा नावाच्या किडीने तर वेलीच मारल्या आणि अमेरिकी मुळांवर कलमं करून सगळे मळे नव्याने उभे करावे लागले. वर्ग मात्र जिथल्या तिथे. पहिल्या वर्गात बढती मिळाली ती एकदाच, १९७३ साली, शातो मूतों-रॉथशिल्डला (शातो म्हणजे स्वतःचे मळे असलेलं वाइनचं घराणं). तेव्हा जिभेला त्रास देऊ नका, दलालांनी तुमचं काम केव्हाच करून ठेवलंय.

ज्यांना इतकाही इतिहास झेपत नाही त्यांच्यासाठी गुण आहेत. रॉबर्ट पार्कर या अमेरिकी समीक्षकाने शंभर गुणांची पद्धत रूढ केली. ती सुरूच होते पन्नासपासून, म्हणजे कोरा पेपर दिला तरी पन्नास. नव्वदच्या खालचं काही घरात असेल तर पाहुण्यांच्या नजरेला पडू देऊ नका.

चुकून चाखायची वेळ आलीच, तर आधी लेबल वाचा आणि रंग बघा. मत त्यानंतर द्या. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बोर्दोमध्ये वाइनचंच शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये गंधहीन लाल रंग मिसळून दिला होता. त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. लोक या प्रयोगाला हसतात, मला तो धीर देणारा वाटतो. शिकलेल्यांची ही गत, मग तुम्ही-आम्ही कशाला लाजायचं!

खरेदीची उत्तम वेळ म्हणजे वाइन तयार होण्याआधीची. बोर्दोमध्ये सुगीनंतरच्या वसंतात, माल पिंपात असतानाच, त्याची विक्री होते. पैसे आज, बाटल्या साधारण दोन वर्षांनी. त्या दोन वर्षांत भाव पडला तर घाबरू नका, तुम्ही ‘दीर्घ मुदतीचे गुंतवणूकदार’ झालात. २०१२ मध्ये शातो लातूरने या पद्धतीतून अंग काढून घेतलं आणि वाइन पिण्याजोगी झाली की मगच विकू असं ठरवलं. पिण्याजोगी! इतक्या मोठ्या घराण्याने असा हलका विचार करावा?

द्राक्षांपेक्षा काचेकडे लक्ष असू द्या. शातो लाफितने २००८ च्या बाटलीवर चिनी आठचा आकडा कोरणार असं जाहीर केलं. चीनमध्ये आठ शुभ. आतल्या द्रवात थेंबाचा फरक पडला नव्हता, भाव मात्र उसळला.

बाटल्या घरी आणू नका, मोह होतो. शुल्क न भरता माल ठेवता येईल अशा सरकारमान्य गोदामात, बारा-तेरा अंश तापमानात त्या पडून राहू द्या. तुम्ही पावती सांभाळा. आता ब्रिटनमधली एक गंमत ऐका. ज्या वस्तूचं आयुष्य पन्नास वर्षांपेक्षा जास्त नाही, ती विकून झालेल्या नफ्यावर तिथे भांडवली नफा कर सहसा लागत नाही. म्हणून कर अधिकाऱ्यासमोर म्हणायचं, ‘साहेब, नाशवंत माल.’ आणि गिऱ्हाइकाला सांगायचं, ‘तुमची नातवंडं पितील.’ कर खात्यालाही हा खेळ ठाऊक आहे, तेव्हा दोघांना एकाच खोलीत बसवू नका.

तरी पिणाऱ्यांचा द्वेष करू नका, आपला धंदा त्यांच्यावर चालतो. रोमाने-कोंती या फ्रान्समधल्या नामांकित मळ्याच्या १९४५ च्या वाइनच्या अवघ्या सहाशे बाटल्या भरल्या होत्या. त्यानंतर त्या जुन्या वेली उपटल्या गेल्या. २०१८ मध्ये यातली एक बाटली न्यूयॉर्कच्या लिलावात ५,५८,००० डॉलरला गेली. बाकीच्यांनी इमानेइतबारे पिऊन संपवल्या नसत्या, तर हा भाव कुठून आला असता? पिणारे हवेतच, फक्त ते दुसरे हवेत.

नकली मालाची भीती वाटते? रूडी कुर्निआवान नावाचा गृहस्थ कॅलिफोर्नियातल्या घरी वाइन मिसळून दुर्मीळ बाटल्या ‘तयार’ करत होता. २०१४ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. पण त्याचं बिंग कसं फुटू लागलं ते बघा. २००८ च्या एका लिलावात त्याच्याकडून आलेल्या, पोंसो या फ्रेंच वाइन घराण्याच्या क्लो सें-दनी नावाच्या वाइनच्या बाटल्या होत्या, त्यातली सर्वांत जुनी १९४५ ची. लोरां पोंसो स्वतः तिथे येऊन म्हणाले, आमच्या घराण्याने ही वाइन १९८०च्या दशकाआधी केलेलीच नाही. चोरी जिभेने पकडली नाही, कॅलेंडरने पकडली. तेव्हा बूच काढून शंका ओढवून घेऊ नका. अस्सल बाटलीच्या बुचातही बुरशीच्या कृपेने ओल्या पुठ्ठ्याचा वास शिरलेला असू शकतो, आणि तोही उघडल्यावरच कळतो.

राहता राहिला प्रश्न नफा पदरात पाडून घेण्याचा. इथे न्यूयॉर्कचे वाइन व्यापारी विल्यम सोकोलिन यांचा आदर्श ठेवा. अमेरिकेचे एकेकाळचे अध्यक्ष थॉमस जेफरसन यांची म्हणून सांगितली जाणारी १७८७ ची शातो मार्गोची बाटली त्यांच्याकडे होती. पाच लाखांहून जास्त डॉलर सांगूनही गिऱ्हाईक मिळेना. १९८९ मध्ये ते ती मिरवायला फोर सीझन्स रेस्टॉरंटमधल्या मेजवानीला घेऊन गेले, तिथे ती आपटली आणि काचेला भोक पडलं. विमा कंपनीने २,२५,००० डॉलर दिले. ना लिलावगृहाचं कमिशन, ना कोणी चाखून नाक मुरडायची धास्ती, आणि बाटली खरंच जेफरसनची होती का हा प्रश्नही गालिच्यात जिरला. तुमच्या पॉलिसीत अपघाती फूट धरली आहे ना, तेवढं आजच एजंटला विचारून घ्या.