"तुम्हाला हौस आहे ना, मग एवढे कसले?"

आज सकाळी हे वाक्य माझ्याच दारात उभं राहून मला ऐकवलं गेलं. दुपार उलटली तरी डोक्यातून जात नाही. पोस्ट लांबणार आहे, वेळ असेल तर वाचा.

मी पेट्या, म्हणजे हार्मोनियम, दुरुस्त करते. ओळखीतले एक गृहस्थ आहेत, बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. मागच्या महिन्यात वडिलांची पेटी घेऊन आले. कित्येक वर्षं माळ्यावर पडून होती. यंदा गणपतीत आरतीला काढू म्हणून उतरवली, तर भाता हलवला की नुसता फुस्स. मी उघडून पाहिली. आत झुरळांची अंडी, भात्याच्या घडीचं चामडं उंदरांनी खाल्लेलं, स्प्रिंगा गंजून तुटल्यामुळे काही पट्ट्या खाली बसल्या त्या बसल्याच. मधल्या सप्तकातले काही सूर मुके. पण सूर, म्हणजे आवाज काढणाऱ्या आतल्या पितळी जिभा, जुने, जर्मन! पेटीवाल्यांना सांगायला नको. मी तिथल्या तिथे म्हटलं, काका, ही विकू नका, टाकू तर अजिबात नका, मला थोडे दिवस द्या.

आज न्यायला आले. मी वाजवून दाखवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाबा वाजवायचे तेव्हा असाच आवाज होता," म्हणाले. मलाही भरून आलं. मग मी बिल दिलं. सामान धरून ४,२०० रुपये. त्यांनी चष्मा लावला, कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "अहो ताई, तुम्ही तर हे हौसेनं करता ना? मग एवढे कसले?"

पैसे दिले त्यांनी. मी कमी केले नाहीत, त्यामुळे चेहरा पाडून दिले. आणि तासाभरात त्याच काकांनी आमच्या ग्रुपवर उगवत्या सूर्याचा फोटो टाकला. त्यावर लिहिलेलं, आपली आवड हाच आपला व्यवसाय करा, मग कामाचा शीण येत नाही. खाली पंधरा जणांचे अंगठे.

शीण येत नाही? कुणाला येत नाही?

साडेतीन सप्तकांची पेटी म्हणजे ४२ पट्ट्या. दुहेरी सुरांची असली की ८४ सूर. प्रत्येक सूर म्हणजे पितळेची एक बारीक जीभ. ती आतल्या फळीवरून सोडवायची, खाचेतली धूळ काढायची, जिभेखाली पातळ पत्रा सरकवायचा आणि अगदी हलक्या हातानं खरवडायची. टोकाशी खरवडलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो. जरा हात जड पडला की सूर गेला, आणि जुना जर्मन सूर गेला तर तसा दुसरा आणायचा कुठून? शिवाय खरवडताना धातू तापतो, तेव्हा जो लागला तो खरा सूर नसतोच. ठेवून द्यायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकायचा. खर्ज आणि नर, म्हणजे खालच्या आणि त्याच्या वरच्या सप्तकाचे सूर, एकत्र वाजवले की आवाजात लाट येते. ती लाट मोडेपर्यंत पुन्हा काढ, पुन्हा खरवड, पुन्हा बसव. पावसाळ्यात लाकूड फुगतं, पट्ट्या एकमेकींना घासतात, त्याचं आणखी वेगळं. संध्याकाळपर्यंत मान आखडते, आणि घरात कुणी वाटी आपटली तरी तिचा सूर कुठला हे कान आपोआप शोधायला लागतो.

हे सगळं मला आवडतं. मनापासून आवडतं. मुका सूर पहिल्यांदा बोलतो ना, तेव्हा मी घरात एकटी असले तरी मोठ्यानं "आलास बाबा!" म्हणते. पण आवडतं म्हणून मान दुखायची थांबत नाही, आणि चामडं, सरस, फेल्ट विकणारा दुकानदार मला आवडीच्या भावात काही देत नाही.

मी हे काम शिकले मिरजेत. मूळची मी हिशेबातली, एका खासगी कंपनीत लेखापाल होते. आमच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे आणि पेटी बिघडली की मला राहवायचं नाही, उघडून बसायचे. सांगलीहून मिरज काही लांब नाही. तिथे एक वयस्क चाचा होते, घराण्यात वाद्यांचं काम. शनिवार-रविवार त्यांच्याकडे जाऊन बसायला लागले. आधी त्यांनी मला नुसती धूळ काढायला लावली. मग चामडं कापायला. सुराला हात लावू दिला तो फार उशिरा.

त्यांच्या दुकानात घडलेली एक गोष्ट मला आज सकाळपासून आठवते आहे. एक गायक आले होते, नाव सांगत नाही. त्यांच्या पेटीचा भाता मी एकटीनं भरला होता, घडीपासून चामड्यापर्यंत. पैसे द्यायच्या वेळी चाचा म्हणाले, ट्यूनिंगचे मला द्या, भात्याचे ह्या बाईंना द्या. गायक हसले. "त्या काय, हौसेनं येतात, त्यांना कसले पैसे?" चाचांनी काही न बोलता पेटीवर हात ठेवला. तसाच ठेवला. मग म्हणाले, "हौस हाय म्हणून शिकली. आता करती ते काम हाय. पैसं तिच्या हातात द्या, मग पेटी उचला." गायकांना द्यावे लागले. ते गेल्यावर चाचा माझ्यावरच डाफरले, कारण मी मध्येच "राहू दे, राहू दे" म्हणत होते. "तुझ्या घरी पगार येतोय. माझ्या पोराकडं न्हाई येत. तू आज फुकट केलंस की उद्या त्याच्याकडं बी फुकटच मागतील."

माझ्या आजच्या रागाचं कारण ४,२०० रुपये नाहीत, हे शेवटचं वाक्य आहे.

आपल्याकडे जो तो उठतो आणि म्हणतो आवडीचं काम करा. केक करणारीला, रांगोळी काढणाऱ्याला, ट्रेकला नेणाऱ्या पोरांना, बासरी शिकवणाऱ्या मास्तरांना. म्हणायला काय जातं? पण ती आवड ज्याच्या पिढ्यान्पिढ्यांचं पोट आहे, त्याच्याकडे बघतं कोण? मिरजेचंच घ्या. फरीदसाहेब सतारमेकर मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे, हत्यारं घडवणारे. संस्थानांच्या लढाया संपल्या, हत्यारांचं काम सुटलं आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्यांनी तंबोऱ्याला, सतारीला हात घातला. पंढरपूर-सोलापूरकडचे भोपळे वाळवून त्यातून जी वाद्यं निघाली ती देशभर गेली. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, तिथेच दर्ग्यात त्यांची कबर आहे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा सगळ्यांनी अभिमानाच्या पोस्टी टाकल्या, मीही टाकली. पण त्याच गल्लीत जाऊन "जवारी काढायला एवढे पैसे?" असं विचारणारे मी माझ्या कानांनी ऐकले आहेत. जवारी म्हणजे तारेला गुंजन यावं म्हणून घोडी घासून बसवणं. त्या घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तासन्‌तास वाकून, तारेखाली दोरा सरकवत बसलेल्या माणसाला विचारतात. मानांकनाचा अभिमान असेल तर जवारीचे पैसे देताना हात आखडू नका ना!

पेटीच्या नशिबी तर ह्याहून वाईट आलं. बाहेरून आलेलं वाद्य. १८४२ साली पॅरिसमध्ये दबँ नावाच्या माणसानं पेटंट घेतलं, कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी पायाचा भाता हातावर आणला आणि मांडी घालून बसणाऱ्यांसाठी पेटी केली. आपण ती नाटकात घेतली, कीर्तनात घेतली, देवघरात घेतली. आणि १९४० साली आकाशवाणीनं तिला बंदी घातली, का तर भारतीय संगीताला शोभत नाही, मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, येत नाही, श्रुती, म्हणजे सुरांमधले बारीक सूर, लागत नाहीत. १९७१ पर्यंत बंदी! तीस वर्षं! वाजवणाऱ्यांचं आणि दुरुस्त करणाऱ्यांचं त्या काळात काय झालं असेल, विचार करा. भजनी मंडळांनी, कीर्तनकारांनी आणि गावोगावच्या गाण्याच्या क्लासांनी पेटीची साथ सोडली नाही, म्हणून पेटी राहिली. श्रुती लागत नाहीत म्हणणाऱ्यांना पुढे डॉ. विद्याधर ओकांनी बावीस श्रुतींची पेटी करूनच उत्तर दिलं. शिक्षणानं ते औषधशास्त्रातले डॉक्टर. हौस म्हणजे काय ते इथे दिसतं, एका प्रश्नाचा इतका पिच्छा पुरवणं. त्याला कुणी "जरा वेळ जातो बरा" म्हणेल का?

आमच्या बायकांच्या बाबतीत तर हे दुप्पट. बाईनं काही सुरेख केलं की ती तिची आवड, पुरुषानं केलं की तो धंदा. १९५९ साली गिरगावातल्या सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले, त्याचं पुढे लिज्जत झालं हे सगळ्यांना तोंडपाठ आहे. त्याआधी घरोघरच्या बायका पापड लाटतच होत्या की. फरक एवढाच पडला की ह्या सात जणींनी लाटलेल्याचा भाव ठरवला. माझ्या सासूबाई उन्हाळ्यात अख्ख्या वाड्याच्या कुरडया घालायच्या, हात सोलवटून निघायचे. लोक म्हणायचे, माईंना भारी हौस. हौस होतीच त्यांना. पण एखादं लुगडं तरी कुणी दिलं? कधीच नाही.

लिहिता लिहिता पारा चढतोय माझा.

बरं, हेही खरं की मी नोकरी सोडली तेव्हा नवऱ्याचा पगार चालू होता, म्हणून सोडता आली. ज्याच्या घरात एकच पगार आहे त्याला मी "झोकून दे" असं कधीही सांगणार नाही. आणि प्रत्येक आवडीचा धंदा केलाच पाहिजे असंही नाही. माझी बहीण सुंदर गाते, तिला पैशासाठी गायचं नाही, तिचं तिनं ठरवलंय. ठीक आहे.

पण ज्यांनी हौसेचं काम केलं आहे, आणि माझ्या मित्रयादीत तुम्ही बरेच जण आहात, त्यांना मी हात जोडून सांगते: पैसे घ्या. "मी काय, आवड म्हणून करते" हे वाक्य गिऱ्हाइकासमोर बोलू नका. तुमच्या घरी भागतं म्हणून तुम्ही निम्म्या भावात केक दिलात, तर कोपऱ्यावरच्या बेकरीतल्या पोराची कारागिरी निम्म्या भावाची ठरते. तुम्ही सुट्टीच्या दिवशी फुकट गडावर नेलंत, तर पायथ्याच्या गावातला वाटाड्या काय मागणार? चाचांनी पेटीवर ठेवलेला तो हात माझ्यासाठी नव्हताच मुळी. त्यांच्या मुलासाठी होता. कुणाला द्यायचंच असेल फुकट, तर आपल्या इच्छेनं द्या. मी देते. अंध विद्यार्थ्यांच्या पेट्यांचे मी पैसे घेत नाही, पण ते मी ठरवते. माझी हौस पुढे करून दुसऱ्यानं ठरवायचं नाही.

काकांबद्दल एक सांगते. ते वाईट नाहीत. पेटी गाडीत ठेवताना त्यांनी ती पोराला निजवावं तशी हळुवार ठेवली, मी पाहिलं. बँकेत त्यांचं आकड्यांवर प्रेम होतं, स्वतःच सांगतात, रात्री उशिरापर्यंत थांबून ताळा जुळवायचे आणि जुळला की आनंद व्हायचा. त्या आनंदापोटी कुणी त्यांचा पगार कापला नव्हता. पेन्शनही पूर्ण येते. त्यांना भेटल्यावर मी हे शांतपणे सांगणार आहे. मला वाटतं ते ऐकतील.

कारण ऐकणारी, न सांगता समजणारी माणसंही भेटतात. मागे जतकडच्या एका खेड्यातलं भजनी मंडळ आलं होतं. पावसाची खात्री नाही, पिकाची नाही. पेटी साधी, गुजरातेतल्या पालिताण्याला बनलेले सूर, पण वापरून वापरून पट्ट्यांना खळगे पडलेले. वारीच्या आधी हवी होती. मी जरा कमीच सांगितले, तर त्यांच्यातले म्हातारे बुवा म्हणाले, "ताई, बरोबर सांगा. ही दरसाल दुरुस्तीला यायची, तुमचं भागलं न्हाई तर आम्ही जायचं कुठं?" वर्गणीतून जमवलेल्या दहा-वीसच्या नोटा होत्या, रुमालात बांधलेल्या. मोजून दिल्या. मला पाठीवर हात ठेवल्यासारखं वाटलं.

चाचा आता नाहीत. त्यांचा मुलगा दुकान चालवतो, आम्ही एकमेकांना गिऱ्हाइकं पाठवतो आणि दर एकच ठेवतो. कुणी त्याच्याकडून माझ्याकडे "जरा कमी करा" म्हणत आलं तर मी परत त्याच्याकडेच पाठवते.

आणि सध्या माझ्याकडे एक मुलगी शिकायला येते, बारावी झालेली, कान विलक्षण तयार. परवापासून चामडं तिच्या हातात दिलंय. तिनं भरलेल्या भात्याचे पैसे बिलावर वेगळ्या ओळीत लिहिते, तिच्या नावानं, आणि ते तिलाच मिळतात. ती ओळ कापायला सांगू नका, मी कापणार नाही.

ज्यांना गणपतीसाठी पेट्या हव्या आहेत त्यांनी ह्या आठवड्यात आणून द्या. शेवटच्या चार दिवसांत आणलेल्या पेटीची मी फक्त हवा बघून देईन. सुरांना हात लावणार नाही, कारण घाईत खरवडलेला सूर परत येत नाही.