एक खिळाही न ठेवता

गाळा सोडताना भाडेकरू म्हणाले होते, "काका, निश्चिंत राहा. आमचा एक खिळाही ठेवून जाणार नाही." माणूस शब्दाला पक्का. खिळे सगळे नेले. भोकं ठेवली.

मी ती मोजली. मोजू नयेत, रक्तदाब वाढतो, पण मोजली. एकट्या डाव्या भिंतीवर 43. बरीचशी फळ्यांची, दोन-चार कॅमेऱ्यांची, आणि एक वीतभर रुंद भोक कशाचं ते अजून कळलेलं नाही. अनामत रकमेच्या हिशेबाला बसलो तेव्हा मी त्याच्याकडे बोट दाखवलं. "ही वापराची झीज," ते म्हणाले. अहो, झीज उंबऱ्याला पडते. आतली वायर दिसेपर्यंत भिंत झिजायची तर ती निदान किल्ल्याची तरी असावी लागते! पण मीटरच्या आकड्याचा फोटो मी इमानेइतबारे काढून ठेवला होता, भिंतींचा एकही नव्हता. तेव्हा वाद लवकर मिटला. म्हणजे मी हरलो.

रंगारी म्हणाला, लांबी, म्हणजे पुट्टी, भरली की झालंच. आधी लांबी भरायची, ती वाळली की घासायची, घासल्यावर दिसतील ते खड्डे पुन्हा भरायचे, पुन्हा घासायचं, मग प्रायमर, मग रंगाचे दोन हात. प्रत्येक थर वाळायला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात रंगारी दुसऱ्याच कुणाच्या भिंतीवर असतो. रिकाम्या गाळ्याचं भाडं बुडतंय म्हणून मी घाई केली आणि मागच्या भिंतीची ओल सुकायच्या आतच रंग मारून घेतला. आठवडाभरात भिंतीला तळहाताएवढे फोड आले. रंगारी काही बोलला नाही. फक्त एक फोड नखाने खरवडून पोपडा माझ्या हातात ठेवला.

काचेवर चिकटवलेली जुनी अक्षरं मात्र मी स्वतः सोलून काढली. गरम केल्यावर गोंद सैल पडतो हे मला माहीत होतं, आणि घरात हेअर ड्रायर होता. तो हिचा होता हा तपशील नंतर महत्त्वाचा ठरला. नवा आणावा लागला. त्याचा खर्च कुणाच्या खिशातून वळता करायचा, यावर मात्र वाद झाला नाही.

आणि वास. दोन महिने शटर बंद होतं. उघडलं की असा भपकारा यायचा की रंगाचा वासही त्यापुढे अत्तर वाटावा. आधी उंदीर मेला असेल असं ठरलं. पोटमाळ्यावर चढून, कोळिष्टकं डोक्यावर घेऊन, मी त्याचा शोध घेतला. उंदीर नव्हता. मग जुन्या भाडेकरूंवर संशय गेला. कुठल्याही गोष्टीचा तो जाणं त्या दिवसांत अगदी सोपं होतं. फिनाइल झालं, उदबत्त्या झाल्या. दोन्हींचा मिळून तिसराच वास तयार झाला. शेवटी प्लंबरला बोलावलं. त्याने मोरीतल्या नहाणी ट्रॅपवर एक बादली पाणी ओतलं आणि हात पुसले. ट्रॅपमध्ये साचलेलं पाणीच गटाराचा वास अडवून धरतं. वापर बंद झाला की ते उडून जातं आणि गटार थेट घरात बोलू लागतं. एवढंच. बादली माझी, पाणी माझं, पैसे त्याचे. तेव्हापासून मी दर आठवड्याला जाऊन, झाडाला घालावं तसं, मोरीला पाणी घालू लागलो.

नवे भाडेकरू गाळा बघायला आले त्या दिवशी भिंती अशा गुळगुळीत होत्या की मी कुणाला टेकूही देत नव्हतो. त्यांनी भिंतीकडे पाहिलंच नाही. मोबाईल वर धरून चारी कोपरे फिरले, रेंज येते म्हणाले. मग खिशातून टेप आणि पेन्सिल काढली, डाव्या भिंतीशी गेले, बोटांनी टकटक केलं आणि विचारलं, "इथे ड्रिल चालेल ना, काका?"

चालेल म्हटलं, जरा थांबा. मी मोबाईल काढला आणि आधी भिंतीचा फोटो घेतला, तारखेसकट. फोटोत पेन्सिल धरलेला त्यांचा हातही आला. असू दे.