बीएस्सी होऊन बर्गर?

रत्नागिरीत बर्गरची दुकानं फार झाली, अशी तक्रार आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वर्षभर चालू असते. तक्रार करणारे निम्मेअधिक मुंबई-ठाण्यात राहतात, एक दुबईला आणि मी अमेरिकेत, मिनियापोलिसला. म्हणजे ज्यांना रोज रत्नागिरीत जेवायचं नाही, त्यांनाच तिथे काय शिजावं याची जास्त काळजी. घावनं गेली, आंबोळ्या गेल्या, पोरं मेयोनीज चाटत बसतात, कोकणाची खाद्यसंस्कृती बुडाली. वीसेक वर्षांपूर्वी चायनीजच्या गाड्या आल्या तेव्हाही हेच ऐकलं होतं, फक्त तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं.

यंदा मे महिन्यात गेलो तेव्हा पुतण्याला म्हटलं, चल, एकदा बघूनच घेऊ. त्याच्या स्कूटरवर मागे बसून मारुती मंदिर, साळवी स्टॉप, कॉलेजच्या आजूबाजूचा भाग, भाट्याची वाट असं संध्याकाळी उन्हं उतरली की फिरायचं आणि खायचं. घरी जेवायला भूक राहायची नाही आणि आई दोघांनाही बोलायची.

चवीचं म्हणाल तर बहुतेक ठिकाणी बेतास बात. पाकिटातली फ्रोझन टिक्की, गोडसर बन, चिरलेला कोबी, चीजची चौकोनी चकती. मेनूकार्ड लांबलचक असतं, पण नीट वाचलं तर लक्षात येतं की आतला ऐवज तोच, बदलतं ते मेयोनीज: तंदुरी, पेरी पेरी, शेजवान, मिंट. एका ठिकाणी टिक्की बाहेरून करपलेली आणि मधे बर्फासारखी गार होती. पुतण्यानं ती निमूट खाल्ली. मी नाही खाल्ली.

पण भाट्याच्या बाजूला एक गाळा आहे, तिथे आम्ही पुन्हा पुन्हा गेलो. दोन टेबलं, एक तवा, एक फ्रायर. मालक पंचविशीचा, बीएस्सी झालेला. पाटीवर आलू टिक्की, चिकन वगैरे नेहमीचं आहेच, पण शेवटी खडूनं लिहिलंय, ‘कोळंबी बर्गर, मिळाली तर’. मिरकरवाडा बंदरावरून सकाळी आणलेली कोळंबी तो सोलतो, दोरा काढतो आणि सुरीनंच जाडसर चिरतो. मिक्सरला लावली तर चिकट गोळा होतो, म्हणाला. मग कांदा, हिरवी मिरची, आलं, कोथिंबीर, हळद, आणि बांधायला तांदळाचं पीठ. चपटी वडी थापून रव्यात घोळवायची आणि तव्यावर कडेनं तेल सोडायचं. वर मेयोनीज नाही. ओल्या खोबऱ्याची लसूण घातलेली चटणी आणि कैरीचा कीस. पाव जवळच्या बेकरीतला, कापलेल्या बाजूनं त्याच तव्यावर दाबून भाजलेला, त्यामुळे कोळंबीचं सुटलेलं पाणी तो पितो आणि तरी मऊ पडत नाही. सोबत स्टीलच्या पेल्यात सोलकढी. दीडशे रुपये.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा ती ओळ पुसून टाकतो. फ्रोझन कोळंबी का आणत नाहीस, विचारलं तर म्हणाला, “आणली तर कळेल लोकांना. इथे मासळी सगळ्यांना कळते.”

हे मी ग्रुपवर फोटोसकट टाकलं. रत्नागिरीतच राहणाऱ्या आमच्या आप्पाकाकांनी तासाभरात उत्तर दिलं: “बीएस्सी होऊन बर्गर भाजतो नि तू त्याचं कौतुक करतोस?”

खरा वाद हाच आहे असं मला वाटतं. घावनं-आंबोळ्यांचं नाव नुसतं पुढे केलेलं असतं. नाहीतर हायवेवरच्या हॉटेलांत पुण्या-कोल्हापूरहून येणाऱ्या पाहुण्यांसाठी पनीर मसाला आणि तंदुरी रोटी कधीच आली, रत्नागिरीतली हॉटेलंसुद्धा सरसकट ‘मालवणी थाळी’ विकतात आणि निम्म्या ठिकाणी त्या रश्श्याला तयार मसाल्याची एकच चव असते. त्यावर कुणाची खाद्यसंस्कृती बुडत नाही. वडापावही आम्ही आमचाच म्हणतो; तो १९६६ साली दादर स्टेशनबाहेर जन्मला आणि त्यातला पाव नि बटाटा दोन्ही पोर्तुगीजांबरोबर आलेले.

मी राहतो त्या मिनियापोलिसमध्ये बर्गर हा भांडणाचा विषय आहे, पण भांडण वेगळं. तिथे ज्युसी लूसी नावाचा प्रकार मिळतो: मांसाच्या दोन चकत्यांच्या मधे चीज कोंबून कडा बंद करायच्या आणि भाजायचं. पहिला घास घाईनं घेतला तर उकळतं चीज जिभेवर येतं, म्हणून वाढणारे आधी बजावतात. हा पहिल्यांदा कुणी केला यावर मॅट्स बार आणि फाइव्ह-एट क्लब यांच्यात वर्षानुवर्षं तंटा चालू आहे. दोन्ही सीडर अ‍ॅव्हेन्यूवरच, तीनेक मैलांच्या अंतरानं. मॅट्स १९५४ सालचं. २०१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष असताना ओबामा तिथे जेवून गेले. ओक्लाहोमात मंदीच्या दिवसांत मांस महाग आणि कांदा स्वस्त, म्हणून मांसात ढीगभर कांदा दाबून भाजायला लागले, तोच आज त्यांचा अभिमानाचा बर्गर. ज्या देशानं जगभर एकसारखा बर्गर पोहोचवला, त्याच देशात गावोगावचे असे हट्टी बर्गरही टिकून आहेत. आणि टिकले ते कुणी संस्कृती वाचवायला निघालं म्हणून नव्हे. गावात राहणाऱ्या माणसानं हाताशी होतं ते वापरलं आणि गिऱ्हाईक परत आलं.

(तिकडचा बर्गर गोमांसाचा असतो, आणि मी तो खातो. आईला ठाऊक आहे, आप्पाकाकांना नाही. आता कळेल. भारतात मॅकडोनाल्ड्स १९९६ मध्ये आलं तेच गोमांस वगळून, आणि महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे, त्यामुळे रत्नागिरीच्या बर्गरपुरता हा मुद्दा उरत नाही.)

आता फणसाचं घ्या. मिनियापोलिसच्या दुकानांत कोवळ्या फणसाचे डबे मिळतात, माझ्या हाती आलेले तरी थायलंडचे होते. शाकाहारी मंडळी तो बार्बेक्यू सॉसमध्ये शिजवून पावात घालतात आणि त्याचे मांसाहारी बर्गरइतके डॉलर मोजतात. आमच्याकडे कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी घरोघर होते आणि मे अखेरीस पिकलेले फणस झाडाखाली कुजतात. मी त्या गाळेवाल्याला विचारलं, फणसाची टिक्की का करत नाहीस? तो हसला. “काका, फणस लोकांना शेजारून फुकट मिळतो. त्याला पैसे कोण देणार?” मेयोनीजला पैसे देणारे लोक फणसाला देत नाहीत, आणि मग घावनं गेली म्हणून रडतात. घावनं विकून घर चालेल असा भाव आपण कधी दिला?

शिकलेल्यानं गावात राहून तव्यापुढे उभं राहायचं, हे आपल्याला बघवत नाही. कोकणानं पिढ्यान्‌पिढ्या मुलगा मुंबईला पाठवला, आधी गिरणीत, मग कचेरीत. मनीऑर्डर यायची, त्यावर घर शाकारलं जायचं. चाकरमानी गणपतीला यायचा आणि गावात काय काय बिघडलं ते सांगून परत जायचा. मीही तसाच चाकरमानी, फक्त विमानानं येणारा. आम्हाला गाव आमच्या लहानपणीचं हवं असतं, आणि ते तसं ठेवायला तिथे कुणीतरी बिनपगारी राहायला हवं असतं. हा पोरगा राहिला, पण स्वतःच्या हिशेबानं. गाळ्याचं भाडं भरतो, हाताखाली दोन मुलं आहेत, कोळंबी रोखीनं घेतो.

अमेरिकेत इंजिनियरांची मुलंही उन्हाळ्यात बर्गरच्या काउंटरवर उभी राहतात आणि कुणी नाक मुरडत नाही, हा दाखला अनिवासी मंडळी हमखास देतात. तो अर्धाच खरा आहे. त्या मुलांना हातखर्च मिळतो आणि सप्टेंबरात ती कॉलेजला परत जातात. त्याच काउंटरमागे बारा महिने राबणारी माणसं बरीचशी मेक्सिकोहून, सोमालियाहून आलेली, आणि त्यांच्या कष्टाला तिथेही फारशी प्रतिष्ठा नाही. तेव्हा श्रमप्रतिष्ठेचे धडे अमेरिकेकडून घ्या, असं मी म्हणणार नाही.

आप्पाकाकांनी मला नेमकं तिथेच पकडलं. निघायच्या आदल्या दिवशी ओटीवर बसलो होतो. “तुझ्या मुलानं कॉलेज सोडून बर्गर विकीन म्हटलं तर?” म्हटलं, मी त्याला समजावेन, ओरडेनही बहुतेक. “मग?” मग एवढंच, की तो दुसऱ्याच्या दुकानात नोकर असेल, आणि हा गाळेवाला स्वतःच्या दुकानाचा मालक आहे, शिवाय शिक्षण पुरं करून बसलाय. आप्पाकाकांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, “ते ठीक. पण मुलगी कोण देणार त्याला?”

या प्रश्नाला मिनियापोलिसचा काही उपयोग नाही. मागे आमच्या एका भाचीसाठी स्थळं बघत होते, तेव्हा ‘मुलगा गावातच राहतो’ एवढ्यावर चांगली स्थळं बाजूला पडली होती. बाजूला सारण्यात ग्रुपवरची बर्गरविरोधी मंडळीच पुढे होती.