गोळ्या बंद करायला सांगणारा तो मेसेज

माझे एक भाऊजी लोकलचे मोटरमन आहेत. गाडीसमोर माणूस आला, ब्रेक मारूनही वाचला नाही. तेव्हापासून हॉर्न ऐकला की त्यांचे हात थरथरतात, रात्री दचकून उठतात. डॉक्टरांनी पीटीएसडी, म्हणजे भयंकर धक्क्यानंतर जडणारा मानसिक आजार सांगून सर्ट्रालिन ही नैराश्य-चिंतेवरची गोळी सुरू केली. जरा कुठे झोप लागू लागली आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर मेसेज आला: 'अमेरिकेची मान्यता! एमडीएमएच्या एका डोसमध्ये ७१ टक्के रुग्ण कायमचे बरे. आधी चालू गोळ्या बंद करा, नाहीतर असर होत नाही. जादुई मशरूमही चालतं, नैसर्गिक आहे. डॉक्टर सांगणार नाहीत, त्यांचा धंदा बसेल.' भाऊजींनी त्याच दिवशी गोळी सोडली.

म्हणून आधी गोळीचंच बोलते. सेरोटोनिन हे मेंदूतलं, मूडशी संबंधित रसायन. ते वाहून नेणाऱ्या ज्या वाहकाला सर्ट्रालिन अडवते, त्याच्यामार्फतच एमडीएमएचं, म्हणजे 'एक्स्टसी' नावाने नशेसाठी विकल्या जाणाऱ्या त्या रसायनाचं कामही चालतं. त्यामुळे गोळी चालू असताना एमडीएमएचा परिणाम बोथट होतो, हे खरं. पण एमडीएमएच्या चाचण्यांत अशा गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करत नेल्या होत्या. मेसेज वाचून एका रात्रीत सोडल्या नव्हत्या. अशी गोळी एकदम तोडली की चक्कर, मळमळ, डोक्यात करंट लागल्यासारखे झटके, झोपेचा सत्यानाश, जीवाची घालमेल. भाऊजींना तिसऱ्या दिवशी उभं राहवेना. आजारच बळावला, असं घरच्यांना वाटलं. हे लिहिणाऱ्याने एका तरी रुग्णाचा विचार केला होता का?

७१ टक्के हा आकडा २०२३ साली 'नेचर मेडिसिन' या वैद्यकीय संशोधनाच्या नियतकालिकात आलेल्या एमडीएमएच्या चाचणीचा आहे. रुग्ण १०४. डोस एक नाही, तीन, साधारण महिन्याच्या अंतराने. प्रत्येक वेळी जवळपास आठ तास दोन थेरपिस्ट समोर बसलेले, शिवाय आधी आणि नंतर बोलण्याची सत्रं. शेवटच्या तपासणीत ७१ टक्के लोक पीटीएसडीच्या निकषांत बसेनासे झाले. 'कायमचे बरे' असं त्यात कुठेही नाही. आणि मेसेजने गाळलेली गोष्ट अशी, की तीच थेरपी पण नकली औषध मिळालेल्यांपैकीही जवळपास ४८ टक्के त्या निकषांबाहेर गेले. ती बोलण्याची थेरपी आपल्या माणसाला मिळवून द्या, असा मेसेज कोणी का पाठवत नाही?

अमेरिकेची मान्यता? साफ खोटं. जून २०२४ मध्ये एफडीएच्या, म्हणजे तिथे औषधांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेच्या सल्लागार समितीने परिणामकारकतेच्या प्रश्नावर ९ विरुद्ध २ असा नकार दिला. ऑगस्टमध्ये एफडीएने अर्ज नाकारून आणखी एक चाचणी मागितली. आपल्याला खरं औषध मिळालंय की नकली, हे बहुतेक रुग्णांना कळत होतं, हा मोठा आक्षेप होता. ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून अधिकृत परवानगी असलेले मानसोपचारतज्ज्ञ हे औषध देऊ शकतात, एवढं मान्य करते.

नशा आणणाऱ्या त्या मशरूमचा या चाचणीशी संबंधच नाही. एमडीएमए प्रयोगशाळेत बनतं, रक्तदाब आणि नाडी वाढवतं, आणि भाऊजींना बीपी आहे. आपल्याकडे ते बाळगणं एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. चोरून मिळणाऱ्या गोळीत नेमकं काय असतं, ते विकणाराही सांगू शकणार नाही. डॉक्टर लपवतात म्हणावं, तर चाचण्या करणाऱ्यांत डॉक्टरच होते आणि निकाल त्यांनी छापलेत.

डॉक्टरांशी बोलून भाऊजींची गोळी पुन्हा सुरू झाली आहे. कोणाच्या घरी असा त्रास असेल तर मुंबईतल्या केईएम, सायन, नायरच्या मानसोपचार ओपीडीत जा, किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलता येतं. आणि ज्यांनी हा मेसेज पुढे ढकललाय, त्यांनी ज्याला ज्याला पाठवला त्या प्रत्येकाला आजच कळवा: चालू गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.