पोरीला ‘क्रिएटिव्ह’ला घालायचंय, प्लेसमेंट कसं आहे?

निकाल लागले की माझा फोन सुरू होतो. मी पुण्यातल्या एका डिझाइन कॉलेजात व्हिजिटिंग म्हणून शिकवते आणि उरलेल्या वेळात पुस्तकांची कव्हरं, पॅकेजिंग, लोगो अशी कामं करते. त्यामुळे ओळखीपाळखीत ज्या घरात ‘हिची चित्रकला छान आहे’ अशी मुलगी किंवा ‘हा दिवसभर रील्स एडिट करतो’ असा मुलगा आहे, ते सगळे मलाच गाठतात. प्रश्न ठरलेले. फी किती, प्लेसमेंट किती. मागे एक काकू म्हणाल्या, “अगं, तू फक्त पॅकेज सांग, बाकीचं आम्ही बघतो.” बाकीचं म्हणजे चार वर्षं, बरं का.

सगळ्यांना फोनवर तेच तेच सांगून घसा बसलाय, म्हणून इथे एकदाच लिहिते.

आमच्या वेळी पर्याय मोजके होते. एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिलेली असायची, मग अभिनव कला महाविद्यालयात अप्लाइड (म्हणजे जाहिरात, छपाई यांसाठीची कला) किंवा पेंटिंग. घरच्यांची फारच धास्ती असेल तर एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाचा डिप्लोमा करून शाळेत चित्रकला शिक्षक. नाटकाकडे, नाचाकडे, गाण्याकडे ओढा असेल तर विद्यापीठातलं ललित कला केंद्र. सिनेमाचं वेड असेल तर लॉ कॉलेज रोडवर एफटीआयआय होतीच, १९६० पासून, प्रभातच्या जुन्या स्टुडिओच्या आवारात. आता मात्र लोणीपासून विमाननगरपर्यंत कॉलेजंच कॉलेजं. अ‍ॅनिमेशन, गेमिंग, यूएक्स, फॅशन, फिल्म, साउंड, सगळ्याला डिग्री आहे आणि सगळ्या ब्रोशरवर तोच हेडफोन लावलेला हसरा मुलगा आहे.

या डिग्र्यांच्या मी विरोधात नाही. माझंच निम्मं घर त्यावर चालतं. पण आईबाप पैसे नक्की कशाचे मोजतायत हे त्यांना कुणी सांगत नाही. त्यांना वाटतं, सॉफ्टवेअर शिकवतात त्याचे. सॉफ्टवेअर तर पोरं कॉलेजला यायच्या आधीच यूट्यूबवर शिकून येतात, आणि चौथ्या वर्षापर्यंत त्यातलं बरंच जुनं झालेलं असतं. आता तर क्लायंटच सांगतो, “मॅडम, एआयवर चार ऑप्शन काढलेत, त्यातलं एक जरा नीट करून द्या.”

यावर पुण्यातला एक हमखास युक्तिवाद असतो. तो काकांकडून येतो. “डॉ. लागू, डॉ. आगाशे, जब्बार पटेल, कुणी नाटकाची डिग्री घेतली होती? सगळे डॉक्टर!” खरं आहे. एक कान-नाक-घशाचे सर्जन, एक मानसोपचारतज्ज्ञ, एक बालरोगतज्ज्ञ. नाटककार सतीश आळेकर तर बायोकेमिस्ट्रीचे, बी. जे. मेडिकलमध्ये नोकरीला. तेच पुढे १९९६ मध्ये ललित कला केंद्राचे प्रमुख झाले. पोटासाठी एक आणि जिवासाठी दुसरं, ही या शहराची जुनी रीत आहे आणि मला तिचा मनापासून आदर आहे. पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे. आजही पावसाळ्यात भरत नाट्य मंदिराबाहेर ‘अरे, आव्वाज कुणाचा’ म्हणून घसा फाडणाऱ्यांत इंजिनिअरिंगची पोरं भरपूर असतात. एकांकिका बसवायची, सेट स्वतः ठोकायचा, लाइट्सच्या क्यूवरून भांडायचं. हे शिक्षण फुकट मिळतं आणि चांगलं मिळतं.

पण काकांच्या युक्तिवादात एक गोष्ट गाळलेली असते. संध्याकाळ. त्या पिढीच्या नोकरीला संध्याकाळ होती. हॉस्पिटलातून, बँकेतून, कॉलेजातून सुटलं की सायकलवर पंधरा-वीस मिनिटांत तालमीला. आज हिंजवडीला नोकरी करणाऱ्या पोराने तालमीला कधी यायचं? सात वाजता निघाला तरी वाकडच्या पुलाखाली अडकलेला असतो, आणि रात्री परत अमेरिकेचा कॉल. पुरुषोत्तम गाजवलेली किती पोरं नोकरीला लागली आणि दोन वर्षांत गप्प झाली, हे आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिलंय. त्यांची हौस आटली नव्हती, त्यांना वेळच उरला नव्हता.

तर डिग्री घेताना आपण तो वेळ विकत घेत असतो, असं माझं स्पष्ट मत आहे. तीन-चार वर्षं, ज्यात वाईट काम करायची मुभा असते आणि ते वाईट आहे हे तोंडावर सांगणारा माणूस समोर असतो. शिवाय त्याच वेडाची आणखी वीस-पंचवीस माणसं आजूबाजूला. एफटीआयआयच्या विज्डम ट्रीबद्दल एवढं का बोललं जातं? एका आंब्याच्या झाडाखाली बसून माणसं एकमेकांच्या फिल्मचे वाभाडे काढत, म्हणून. त्याला क्रेडिट नव्हते, अटेंडन्स नव्हता.

वाभाडे काढणं म्हणजे काय, तर आमच्याकडच्या एका ज्युरीची गोष्ट सांगते. ज्युरी म्हणजे पोरांनी केलेलं काम जाणकारांसमोर मांडायचं आणि त्यांनी ते तपासायचं. तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीने भाजणीच्या चकलीचं पॅकेजिंग केलं होतं. रंग सुरेख, डबा सुरेख, चकलीचं चित्र तर असं की हात घालावा. वर ओळ होती, ‘तिसऱ्या पिढीची चव’. ज्युरीला आलेल्या ज्येष्ठ डिझायनरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, “वाच.” तिने वाचलं. “तुझ्या मनात आहे ते वाचू नकोस गं, छापलंय ते वाच.” तेव्हा तिला दिसलं. डब्यावर ‘तिसर्या’ छापलं होतं. ‘सूर्या’तल्यासारखा रफार ‘य’च्या डोक्यावर जाऊन बसला होता. आठवडाभर ती त्या डब्याकडे बघत होती, वर्गातल्या सगळ्यांनी बघितला होता, आणि (हे सांगायलाच हवं) तिच्या गाइडनेही बघितला होता. ज्युरीच्या सरांनी ट्रेसिंग पेपर मागवला आणि पेन्सिलीने ‘ऱ्या’ काढून दाखवला. ‘य’ला जोडताना तो ‘र’ कुठे वळतो, किती जाड ठेवायचा, शिरोरेघेपासून किती खाली. दहा मिनिटं एका जोडाक्षरावर. मागे उभ्या असलेल्या पोरांनी त्या दहा मिनिटांत मोबाइल काढला नाही. पुढच्या आठवड्यात मुलगी आली ती सगळी अक्षरं हाताने काढून. डबा आधीपेक्षा साधा दिसत होता आणि मराठी वाटत होता.

जाता जाता, कॉम्प्युटरवर वर्षानुवर्षं ज्या ‘मंगल’ फॉन्टमध्ये आपण सरकारी पत्रं वाचली, तो र. कृ. जोशींनी केला. जन्मभर अक्षर शिकवलेला माणूस. अप्लाइडच्या चौथ्या वर्षाच्या पोरांना हे नाव माहीत नसतं तेव्हा मला पोरांपेक्षा सिलॅबस करणाऱ्यांचा राग येतो.

ती ज्युरीची दहा मिनिटं यूट्यूबवर मिळत नाहीत. फी त्यासाठी द्यायची. आणि नेमकं तेच आता कमी होत चाललंय. वर्गात साठ पोरं, ज्युरीला प्रत्येकी चार मिनिटं, टाइमटेबल सकाळी नऊ ते पाच गच्च, सहा वाजता स्टुडिओला कुलूप. म्हणजे ज्या वेळेसाठी लाखांत फी घेतली तोच परत काढून घ्यायचा.

दुसरी तक्रार पैशाची. चार वर्षांत पोरं कलर थिअरी शिकतात, पण बिल करायला शिकत नाहीत. कोटेशन कसं द्यायचं, किती करेक्शन्स त्यात धरायची, अ‍ॅडव्हान्स मागताना का लाजायचं नाही, दहा टक्के टीडीएस (आधीच कापलेला आयकर) कापून पैसे आले तर ते बुडाले नाहीत, रिटर्न भरून हिशोबात धरता येतात. यातलं काही नाही. कॉपीराइटचं तर विचारूच नका. आपला कायदा १९५७ चा आहे. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक सहसा कंपनी असते. पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून फोटो काढला किंवा फिल्म केली, तर उलटा करार नसेल तेव्हा मालकी काम देणाऱ्याकडे जाते. हे फोटोग्राफीच्या पोराला पहिल्या वर्षी कळायला नको? तसंच, हक्क दुसऱ्याच्या नावे करून देताना लेखी आणि सहीनिशी करावं लागतं, आणि मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो. ही एक ओळ माहीत असती तर माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांनी ‘आजन्म, जगभर, सर्व माध्यमांत’ असं छापलेल्या कागदावर डोळे मिटून सही केली नसती. हे सगळं एका सेमिस्टरमध्ये, आठवड्याला दोन तासांत शिकवून होतं. मी मागितलंय. ‘बघू’ असं उत्तर आलंय.

म्हणून आईबाबांनो, ओपन हाउसला जाल तेव्हा प्लेसमेंटचा तक्ता बाजूला ठेवा. त्या तक्त्यात पॅकेजवाले येतात. स्वतःचं काम करणारे, नाटकात धडपडणारे, कुणाच्या तरी फिल्मवर चौथे असिस्टंट असणारे येत नाहीत, आणि या क्षेत्रात निम्मं आयुष्य तसंच जातं. त्यापेक्षा फायनल इयरचं डिस्प्ले बघायला जा आणि तिथे उभ्या असलेल्या पोराला विचारा, तुझं काम शेवटचं कुणी आणि किती वेळ बघितलं? स्टुडिओ रात्री उघडा असतो का? शिकवणाऱ्यांपैकी किती जण बाहेर काम करतात? पोरं खोटं बोलत नाहीत. कॅम्पस टूरवाली ताई बोलेल.

आणि कर्ज. याबद्दल मी कडक आहे. कोर्स संपला की थोड्या सवलतीनंतर हप्ता सुरू होतो, आणि या धंद्यातली पहिली दोन-तीन वर्षं नेमकी तेव्हाच कोरडी असतात. मग पोरगी मिळेल ती नोकरी धरते, दिवसाला सोशल मीडियाच्या पंधरा पोस्ट पाडते आणि चार वर्षांत जमवलेला हात तिथे घालवते. घरात सहज जमणार असेल तर खाजगीत घाला, काहीच हरकत नाही. पण घर गहाण टाकून नको. सीईटी ही प्रवेश परीक्षा द्या, अनुदानित कॉलेजात नंबर लागतो का बघा. इमारत जुनी असेल, एसी नसेल, प्रिंटर बंद असेल. वाचलेल्या पैशातून एक बरा लॅपटॉप घ्या आणि उरलेले बाजूला ठेवा, डिग्रीनंतरच्या दोन वर्षांच्या खोलीभाड्यासाठी आणि डब्यासाठी.

परवा एका वडिलांना हे सांगितलं तर म्हणाले, “म्हणजे चार नाही, सहा वर्षांचा हिशोब धरायचा?”

हो. सहा धरा.